मुदतवाढ तिकडे, नोटीस इकडे

सन्माननीय हवामान-धोरणकर्ते महोदय यांस,



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे बरेच दिवस राहून गेले आहेत. १३ मार्च २०२२ रोजी मुंबईचा वातावरण कृती आराखडा जाहीर झाला. देशाने नेट झिरोसाठी २०७० साल धरलं आहे. आपण मुंबईसाठी २०५० धरलंत. वीस वर्षं आधी! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की इथली माणसं आधी घरी फोन लावतात. अशा शहराला हा आराखडा हवाच होता. त्याच्या विरोधात माझं एक अक्षरही नाही, हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं वाचून आपला तसा समज होऊ शकतो.

हिशेबसुद्धा आपण किती नेटका मांडलात. २०१९ साली मुंबईने सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे वायू हवेत सोडले. त्यातले ७२ टक्के वीज आणि इमारती-कारखान्यांतल्या इंधनाचे, २० टक्के वाहतुकीचे, ८ टक्के कचऱ्याचे. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की पहिली नोटीस कोळशाच्या चिमणीला जाईल.

ती गेली पाववाल्याला.

पाववाल्याची आठवण आपण इतक्या अगत्याने ठेवलीत, याबद्दल त्याच्या वतीने शतशः आभार. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेची चिंता वाहून आदेश दिला: लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जावं. आधी मुदत वर्षाची होती, ती निम्मी झाली. न्यायालयाचा हेतू रास्त आहे. भट्टीचा धूर सगळ्यात आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कारागिराच्याच छातीत जातो. तोच रात्रभर मैदा मळतो, पहाटे लाद्या बाहेर काढतो आणि दिवसा त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतो. भट्टी बदलली पाहिजे, हे त्याला आपण पटवून देण्याची गरज नाही.

गरज होती ती पैशाची आणि नळीची. बेकरीवाला जाळतो ते लाकूड बहुतेक वेळा पाडलेल्या इमारतींचं, मोडक्या कपाटांचं, वखारीतल्या तुकड्यांचं असतं. ते स्वस्त पडतं म्हणूनच पाव स्वस्त पडतो. नवी भट्टी घ्यायला भांडवल लागतं. पाइपचा गॅस यायला गल्लीत पाइप लागतो. गल्ली दोन हातगाड्या शेजारी शेजारी जाणार नाहीत इतकी अरुंद, आणि गाळा बहुधा पागडीचा, म्हणजे बँकेकडे तारण ठेवायला काहीच नाही. नोटीस मात्र कोणत्याही गल्लीत पोहोचते. पत्ता चुकत नाही.

आणि लादीमागे दोन-चार रुपये वाढले की वडापावची गाडी ते कोणाकडून वसूल करणार? नाक्यावर कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या बिगाऱ्याकडून. दुपारचं जेवण म्हणून तो दोन वडापाव खातो. हवा आपल्या सर्वांची साफ होणार आणि तिचं बिल त्याच्या पावात येणार. या काटकसरीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आता तुर्भ्याकडे वळते. नवी मुंबईतल्या नव्हे, चेंबूरपलीकडच्या ट्रॉम्बेकडे. तिथल्या औष्णिक केंद्रातले कोळशाचे संच बंद होणार, अशी मुंबईकरांना आशा होती. २०२४ मध्ये वीजखरेदीचा करार संपत आला, तेव्हा आपण शहराची गरज पाहिलीत आणि कराराला आणखी पाच वर्षं मिळाली. गरज खोटी नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या आणि रुग्णालयांनी जनरेटरवर दिवस काढला, हे आम्हीही अनुभवलं आहे. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असताना शहरातलं केंद्र एकाएकी बंद करता येत नाही, हे समजण्याइतकी अक्कल आम्हालाही आहे.

फक्त एवढंच विचारते: अडचण समजून घेण्याचा हा मोठेपणा कोळशाच्या वाट्याला पाच वर्षं आला, तर पावाच्या वाट्याला सहाच महिने का? गरज त्याचीही होती. पर्यायी व्यवस्था त्याच्याकडेही तयार नव्हती. मग आपल्या दरबारात अडचण ऐकून घेतली जाण्यासाठी ती किती मेगावॉटची असावी लागते, तेवढं एकदा कळवावं.

त्या केंद्राच्या शेजाऱ्यांची ओळख आपल्याला असेलच. माहुल. भोवती तेलशुद्धीकरणाचे कारखाने, रसायनांच्या टाक्या, आणि मधे ७२ इमारतींची वसाहत. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडल्या, तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांना आपण ही पक्की घरं दिलीत. नळ, लिफ्ट, स्वतंत्र संडास. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुलच्या परिसरात पाहणी केली होती. ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वास कोंडत असल्याचं सांगितलं होतं. २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणानेही तिथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचं म्हटलं. हे सगळं कागदावर आल्यानंतर, २०१७ पासून, माणसं तिथे पाठवली गेली. पाणी शहराला मिळावं म्हणून ज्यांची घरं गेली, त्यांना हवा मिळणार नाही अशा जागी नेलं, यात एक सुसंगती आहे खरी.

बायका रस्त्यावर बसल्या, महिनोन्‌महिने बसल्या. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की यांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. नेट झिरोच्या कुठल्याही आराखड्याचं पहिलं पान माहुलमध्ये लिहायला हवं होतं. या शहरात कार्बनची खरी किंमत कोण मोजतं, हे तिथल्या दवाखान्याच्या रांगेत उभं राहिलं की समजतं.

कोळसा एक दिवस जाईलच. त्याच्या जागी वीज कुठून आणायची याचाही विचार आपण केला असेल: उन्हावरची, वाऱ्यावरची, सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी सोडून केलेली. यासाठी आगाऊ आभार मानते, आणि एक जुनी आठवण देते, कारण मुंबईला स्वच्छ वीज पहिल्यांदा मिळते आहे असं नाही.

शंभर वर्षांपूर्वीही ती आली होती, मावळातून. तिला धूर नव्हता. तिच्यासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासहून जास्त गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे बांधावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. धरण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या या घाटातल्या पाण्यावर चालल्या. कार्बनच्या वहीत त्या विजेच्या नावापुढे जवळपास शून्यच लिहिलं जाईल. मुळशीच्या वहीत काय लिहायचं, ते विचारायला मुंबईहून कोणी गेलं नाही.

म्हणून सौर प्रकल्पाची कोनशिला बसवताना धुळे जिल्ह्यातलं विखरण लक्षात असू द्यावं. तिथले वृद्ध शेतकरी धर्मा पाटील वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांनी ते गेले. प्रकल्पाच्या पाटीवर ‘हरित’ लिहिलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव खोडण्याची पद्धत बदलत नाही. शहराच्या न्यायाची हद्द दहिसरच्या नाक्यावर संपत नसते. जिथून वीज येणार, तिथला माणूसही या आराखड्याचा नागरिक आहे.

छपरावरच्या सौर ऊर्जेसाठी विशेष आभार. तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, ही केंद्राची योजना खरोखर उदार आहे. अट एवढीच की छप्पर आपलं असावं. २०११ च्या जनगणनेत मुंबईचे सुमारे ५२ लाख लोक, म्हणजे दहातले चार, झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. तो एप्रिल-मेमध्ये इतका तापतो की दुपारी बाळाला घरात ठेवता येत नाही. बायका त्याला घेऊन नाक्यावरच्या देवळाच्या सावलीत बसतात. ऊन त्यांना आपल्यापेक्षा जास्त मिळतं. अनुदान मात्र त्याच उन्हाला, मालकीच्या गच्चीवर पडलं तरच. त्या पत्र्याला नुसता पांढरा रंग द्यायचा ठरवलं, तरी पुष्कळ होईल; त्याला ना सातबारा लागतो, ना सोसायटीचा ठराव.

वाहतुकीकडे येते, आणि इथे तर आपल्या दूरदृष्टीपुढे हात जोडते.

मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवरून दहा रुपये झालं, वातानुकूलित बसचं सहावरून बारा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला; साध्या मोटारीला तिथे एका खेपेचे २५० रुपये पडतात. म्हणजे वीस-पंचवीस लाखांची इलेक्ट्रिक मोटार घेऊन एकटाच माणूस समुद्रावरून गेला, तर पर्यावरणाची सेवा म्हणून त्याला २५० रुपयांची सूट. धुणीभांडी करणारी बाई बसने चार घरं करते. तिच्या तिकिटाचे पैसे मात्र दुप्पट. इतकी वर्षं तिने कार्बन वाचवला. नाइलाजाने वाचवला, पण वाचवला. तिला सूट देण्याऐवजी आपण तिचं तिकीट वाढवलंत. त्या सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, सागरी किनारा रस्त्यावरही नाहीत. त्या रस्त्याला सुमारे १४,००० कोटी रुपये लागले आणि त्यावर टोल नाही.

इलेक्ट्रिक बसच्या घोषणेनेही आम्ही भारावलो. २०२७ पर्यंत बेस्टचा सगळा ताफा विजेवर. उत्तम! पण ताफा आहे कुठे? एके काळी बेस्टकडे चार हजारांहून जास्त गाड्या होत्या, आता तीन हजारही नाहीत. जुनी बस भंगारात जाते आणि नवी यायला उशीर होतो; मधल्या काळात थांब्यावरचा माणूस शेअर रिक्षात चौथा म्हणून बसतो, किंवा हप्त्यावर स्कूटर घेतो. ती स्कूटर पेट्रोलवर चालते. बस शंभर टक्के इलेक्ट्रिक झाली आणि निम्मी प्रवासी मंडळी दुचाकीवर गेली, तर आपल्या हिशेबात ते यश दिसेल, हवेत दिसणार नाही. कंत्राटी गाड्यांवरच्या चालकांचा पगार, त्यांना नव्या गाडीचं मिळणारं प्रशिक्षण, त्यांची नोकरी किती दिवसांची, हा सगळा प्रश्न हवामानाचाच आहे. थकलेल्या, घाबरलेल्या, उद्याची खात्री नसलेल्या माणसाच्या हातात आपण हरित भविष्याचं चाक दिलं आहे.

कचऱ्याचे ८ टक्के राहिले. देवनारला १९२७ पासून मुंबई आपला कचरा नेऊन टाकते. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहांनीही टिपला. गोवंडी-शिवाजीनगरच्या मुलांना तो टिपायला उपग्रह लागला नाही. त्या डोंगरावर आणि शहरभरच्या कचराकुंड्यांशी कित्येक बायका दोन-तीन पिढ्या काम करत आल्या आहेत. प्लास्टिक वेगळं, पुठ्ठा वेगळा, काच वेगळी. वजन करून भंगारवाल्याकडे. शहराने त्यांना कधी पगार दिला नाही. त्यांच्यामुळे किती माल पुन्हा कारखान्यात गेला, किती नवा माल बनवावा लागला नाही, ते आराखड्याच्या एकाही आकड्यात त्यांच्या नावावर जमा नाही.

आता देवनारला रोज ६०० टन कचरा जाळून ४ मेगावॉट वीज करण्याचा प्रकल्प आहे. चांगला जळतो तो सुका कचरा, म्हणजे नेमका तोच, ज्यावर या बायकांच्या घरची चूल पेटते. त्यांना कोणी विचारलं का? पुण्यात कचरावेचकांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेसाठी दारोदार कचरा गोळा करते आहे, आणि तिथेही त्यांना कंत्राटासाठी पुन्हा पुन्हा झगडावं लागतं. मुंबईला नमुना शोधायला परदेशी जायची गरज नाही. घाट चढला की झालं.

त्याच देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी राखली गेली, हे वाचून डोळे पाणावले. धारावीइतकी कमी जागेत राहणारी, पायी कामावर जाणारी, फेकलेली वस्तू पुन्हा वापरात आणणारी वस्ती देशात शोधून सापडायची नाही. कार्बनच्या दृष्टीने आदर्श म्हणावी अशी. तिथल्या ‘अपात्र’ ठरणाऱ्या माणसांना कचऱ्याच्या डोंगराच्या जागेवर घर! माहुलचा अनुभव गाठीशी असल्याशिवाय असं सुचत नाही.

एक गोष्ट मात्र खऱ्या अर्थाने आभार मानण्याजोगी आहे. वरळीच्या कोळ्यांनी सांगितलं होतं की सागरी रस्त्याच्या खांबांमधलं ६० मीटरचं अंतर बोटींना पुरणार नाही. भरतीच्या लाटेत बोट खांबावर आपटेल. वर्षानुवर्षं ते सांगत राहिले, काम रोखून धरलं. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये अंतर १२० मीटर करायचं ठरलं. समुद्र त्यांना माहीत होता आणि अखेर कोणीतरी त्यांचं ऐकलं. ऐकता येतं, एवढं यावरून सिद्ध झालं. फक्त त्यासाठी दर वेळी पाण्यात बोटी आडव्या लावाव्या लागू नयेत.

ऐकण्याची सोयही आपण मोठ्या खुबीने केली होती. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. आराखडा आला १३ मार्चला. पुढची जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. मुंबईच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल ठरवला जात असताना गोवंडीच्या बाईला दार ठोठावायला वॉर्डात निवडून आलेला एक माणूस नव्हता. आणि २०२४ पासून पालिका वेगळा ‘हवामान अर्थसंकल्प’ मांडते आहे, तोही हजारो कोटींचा. त्यातले किती रुपये कोणत्या वॉर्डात गेले, पाली हिलला किती आणि मानखुर्दला किती, एवढा एक तक्ता छापलात तर या पत्राची अर्धी पानं मी परत घेईन.

विनंती फार मोठी नाही. बेकरीवाल्याला आधी बिनव्याजी कर्ज आणि गल्लीत पाइप द्यावा, मग नोटीस द्यावी. कोळशाचे संच बंद करण्याची तारीख जाहीर करावी आणि ती हुकली तर दर महिन्याला दंड बसावा. तो दंड माहुल आणि चेंबूरच्या दवाखान्यांना जावा. टोलमाफीचा पहिला मान बसला द्यावा, भाडं मागे घ्यावं, गाड्या वाढवाव्यात. कचऱ्याच्या प्रत्येक कंत्राटात कचरावेचकांचा हिस्सा लेखी असावा. सोय आधी करा, सक्ती नंतर. निदान क्रम तरी सरळ लावा. हे शहर २०५० मध्ये शून्यावर पोहोचावं असं मलाही वाटतं, आणि तेव्हा ही सगळी माणसं याच शहरात असावीत असंही वाटतं.

यावर जाहीर सुनावणी घ्यायची कृपा केलीत, तर ती पंचतारांकित हॉटेलात नको. माहुलमध्ये घ्या, रविवारी, संध्याकाळी पाचनंतर. सकाळी पाववाला झोपलेला असतो, कचरावेचक बाई दुपारपर्यंत परतत नाही, आणि कोळ्यांना भरती-ओहोटी पाहून यावं लागतं, म्हणून तारीख त्यांना विचारूनच ठरवा. कागद मराठीत, हिंदीत आणि उर्दूत आठ दिवस आधी वाटा. खुर्च्या पुढच्या रांगेपासून त्यांच्यासाठी ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मुंबईकर